एक तारखेचे अण्णा

आमच्या शिवाजी पेठेत आईबापांनी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं चालतं. खरं नाव गल्ली ठेवते आणि तेच शेवटपर्यंत पुरतं. अण्णांना गल्लीनं 'एक तारखेचे अण्णा' करून टाकलं त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. नव्या भाडेकरूंना वाटतं, हे गृहस्थ एक तारखेला भाडं वसूल करत असावेत. तसं काही नाही. अण्णा सहकारी बँकेतून निवृत्त झालेले अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत, आणि त्यांच्याकडं वसूल करण्यासारखं काही नाही. त्यांच्या तोंडी फक्त एक वाक्य आहे : "मास्तर, एक तारखेपासून बघाच आता!"

एक तारखेपासून पहाटे साडेचारला उठायचं. एक तारखेपासून साखर बंद. एक तारखेपासून रोज वीस पानं वाचन, दहा ओळी मोडी लिपी आणि रात्री नऊनंतर मोबाइल कपाटात. अण्णांनी आजवर एक तारखेला काय काय सुरू केलं त्याची यादी केली, तर त्यातून पाचसहा थोर पुरुष सहज उभे राहतील.

असे अण्णा एकट्या कोल्हापुरात आहेत असं कुणी समजू नये. ठाण्यात ते तलावपाळीवर दिसतात, नाशकात गोदेच्या काठावर आणि पुण्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर, म्हणजे साधारण निम्म्या पायऱ्यांवर. आमचे अण्णा रंकाळ्यावर दिसतात. दिसतात म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिसतात.

अण्णांच्या वर्षाला आरंभ पुष्कळ. इंग्रजी वर्षाचा १ जानेवारी झाला की गुढीपाडवा येतो. मध्ये रथसप्तमी असते. १ एप्रिल तर सोडताच येत नाही, कारण बँकेतल्या माणसाचं खरं वर्ष तेच. पुढं वाढदिवस, गणपती, घटस्थापना आणि दिवाळीतला पाडवा. यातलं काहीच जवळ नसेल तर सोमवार हाताशी असतोच. पण एक तारीख शनिवारी आली की पंचाईत होते. "शनिवारी कुणी चांगलं काम सुरू करतं का?" म्हणून अण्णा सोमवारवर जातात. सोमवारी तीन तारीख निघते. तीन तारखेला सुरू केलेलं हिशेबाला बरं दिसत नाही, म्हणून मग पुढची एक तारीख. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २०१४ साली एक निबंध छापला होता : आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला आणि वाढदिवस उलटल्यावर लोकांचं जिमला जाणं वाढतं. मी तो मोठ्या अप्रूपानं अण्णांना सांगितला. ते म्हणाले, "ह्याला संशोधन कशाला लागतंय? आपल्याकडं मुहूर्त काय आजचे आहेत होय?"

खरी बहार असते ती एक तारखेच्या आधीच्या तीनचार दिवसांत. अठ्ठावीस तारखेपासून अण्णांच्या घरात लगीनघाई सुरू होते. राजारामपुरीतून बूट येतात. रात्री अंधारात चमकणारा पट्टा असलेली विजार येते. तासातासाच्या खुणा केलेली पाण्याची बाटली येते. मग अण्णा बँकेतल्या सवयीनं फूटपट्टी घेऊन बसतात आणि दोन रंगांच्या शाईत वेळापत्रक आखतात. ते लॅमिनेट होतं आणि आरशाशेजारी लागतं. गेल्या खेपेचं वेळापत्रक मी नीट वाचलं. साडेचारला उठणे, चार पस्तीसला ध्यान, पाचला प्राणायाम, साडेपाचला रंकाळा. त्यात दात घासायला, संडासला जायला आणि चहाला जागाच ठेवलेली नव्हती. त्यामुळं पहिल्याच दिवशी अण्णा पावणेपाचलाच वेळापत्रकाच्या मागं पडले आणि दिवसभर पकडता पकडता दमले.

पण हे सगळं चालू असताना अण्णांचा चेहरा बघावा. खोक्यातला कागद बाजूला सारून ते बूट दाखवतात, तळवा वाकवून दाखवतात, वास घ्यायला लावतात. "मास्तर, ह्या बुटात माणूस पळतो. आपण पळायचं नाही, बूट पळतात." लोक त्यांना आळशी म्हणतात ते मला मुळीच पटत नाही. आळशी माणूस इतकी खटपट करत नाही. अण्णांचा उत्साह शंभर नंबरी असतो, फक्त तो सगळा वाण्याकडं, बूटवाल्याकडं आणि लॅमिनेशनवाल्याकडं खर्च होऊन जातो. रंकाळ्यापर्यंत पोचतो तो उरलासुरला.

एक तारीख उजाडते. पहाटे गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रंकाळ्याचा फोटो येतो. मागं शालिनी पॅलेस, पुढं अण्णांचा अंगठा आणि खाली 'दिवस पहिला'. सगळी गल्ली हात जोडते, फुलं टाकते. दुसऱ्या दिवशी 'दिवस दुसरा'. अंगठ्याऐवजी बाटली. पाचव्या दिवशी फोटो नऊ वाजता येतो आणि त्यात ऊन भरपूर असतं. आठव्या दिवशी नुसतंच गुलाबाचं फूल आणि 'सुप्रभात' येतं, तेही कुणीतरी पाठवलेलं पुढं ढकललेलं. गल्लीतली पोरं तेवढ्यावर ओळखतात.

त्या आठ दिवसांत एक गोष्ट मात्र घट्ट रुजते. रंकाळ्याची फेरी झाली की मंडळींबरोबर मिसळ. चालण्यानं जितकं जळतं त्याच्या दुप्पट कटाबरोबर आत जातं, हे अण्णांना मान्य आहे. "पण मास्तर, चालल्याशिवाय मिसळीला चव नाही." पुढं चालणं सुटतं तेव्हा अण्णा मिसळीला थेट रिक्षानं जातात.

मध्यंतरी मुलानं त्यांना पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. दिवसाला दहा हजार पावलं. हा आकडा कुठल्या वैद्यानं ठरवलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ साली, जपानच्या यामासा कंपनीनं पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचं ठेवलं. तेव्हापासून सगळं जग त्या आकड्यामागं चालतंय. अण्णाही चालले. रात्री साडेदहाला ते देवघर ते मोरी, मोरी ते देवघर अशा फेऱ्या मारू लागले. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मग त्यांनी ते घड्याळ संध्याकाळी खेळायला जाणाऱ्या नातवाच्या मनगटावर बांधलं. त्या रात्री घड्याळानं अण्णांचं अभिनंदन केलं आणि अण्णांनी ते स्वीकारलं.

अण्णांशी खरी बोलाचाली झाली ती एकवीस दिवसांवरून. "एकवीस दिवस रेटायचं मास्तर. मेंदूला वळण लागतं. शास्त्रच आहे ते." मी सांगितलं, ते शास्त्र नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. त्यांच्या लक्षात आलं, की शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला पेशंटला निदान एकवीस दिवस तरी लागतात. ते त्यांनी १९६० साली पुस्तकात लिहिलं. लोकांनी त्यातलं 'निदान' गाळलं, चेहराही गाळला आणि एकवीस तेवढे ठेवले. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट तपासलं. शहाण्णव माणसं घेतली, प्रत्येकाला एकच बारीक गोष्ट निवडायला सांगितली, जेवताना फळ खाणं, पाणी पिणं असली, आणि बारा आठवडे नोंदी ठेवल्या. २००९ साली निष्कर्ष आला. गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस. कुणाला १८ पुरतील, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला.

आतून वहिनींनी विचारलं, "दोनशे चोपन्न म्हणजे किती महिने हो?"

"साडेआठ."

"मग सातवा लागला की सांगा त्यांना. डोहाळजेवण घालते."

अण्णांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी मला बारकाईनं विचारलं, "आणि मध्ये खाडा झाला तर?" मी खरं ते सांगितलं, की एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही असंही त्या अभ्यासात दिसलं. तिथंच चुकलं. त्या एका वाक्याच्या आधारावर अण्णांनी पुढचा सगळा पंधरवडा काढला. रोज सकाळी पांघरुणातून आवाज यायचा, "लंडनवाल्यांनी एक दिवस चालतंय म्हणून सांगितलंय."

अण्णांच्या स्वयंपाकघरात भिंतीला कालनिर्णय आहे. त्याचं पान जरूर बघण्यासारखं असतं. एक तारखेच्या चौकोनात अण्णांची लाल बरोबरची खूण असते, रेखीव, शेपटीला झोकदार वळण दिलेली. दोन, तीन, चार तारखेला तशाच. पाचला शेपटी आखूड. सातला खूण निळी, कारण लाल पेन सापडलेलं नसतं. नऊनंतर चौकोन अण्णांकडून कोरे. पण त्याच चौकोनांच्या खालच्या कोपऱ्यात वहिनींची पेन्सिल असते. 'दू. १॥', 'दू. १', 'खाडा', 'गॅस लावला', 'पेपर नाही'. ही पेन्सिल एक तारखेला सुरू होत नाही आणि नऊला थांबत नाही. मी सहज मागची पानं चाळली. जानेवारीपासून एकही चौकोन वहिनींनी सोडलेला नव्हता. पावसाळ्यात पंचगंगेला पूर येऊन दूध आलं नाही, त्या दिवसांवरसुद्धा 'खाडा' लिहिलेलं. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही हा नेम कधी धरलात?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "नेम कसला त्यात? भैया महिनाअखेरीला पैसे जास्त मागतोय. लिहायला नको?" पेन्सिल दोऱ्यानं त्याच खिळ्याला बांधलेली होती. अण्णांचं लाल पेन मात्र दर महिन्याला नवीन असतं.

मला विचाराल तर सगळी गोम त्या दोऱ्यात आहे. पण हे अण्णांना सांगून उपयोग नाही. ते उद्या दोऱ्याची रिळं आणतील.

जिमचं प्रकरण थोडक्यात सांगतो. गल्लीच्या टोकाला जिम निघाली. महिन्याचे बाराशे, वर्षाचे एकरकमी नऊ हजार. अण्णांनी भागाकार केला, दिवसाला पंचवीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. भरले नऊ हजार. गेले सहा दिवस. आता भागाकार तुम्ही करा. अमेरिकेत दोन अर्थतज्ज्ञांनी हेच तिथल्या जिमच्या हजेऱ्या तपासून दाखवलं होतं, २००६ साली. महिन्याला सत्तर डॉलरच्या वर भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-सव्वाचार वेळा जायचे. म्हणजे एका खेपेला सतरा डॉलरहून जास्त, आणि दहा खेपांचा पास घेतला असता तर दहा डॉलरमध्ये भागलं असतं. एकंदरीत अण्णा अमेरिकेतही आहेत आणि तिथं त्यांना डॉलर मोजावे लागतात.

त्या जिमपासून हाकेच्या अंतरावर तालीम आहे. शाहू महाराजांच्या काळापासून हे गाव तालमींचं. खासबागेचं कुस्त्यांचं मैदान १९१२ सालचं. अण्णांचे वडील त्यांना लहानपणी कानाला धरून तालमीत सोडायचे. तिथं बुटांचं खोकं नव्हतं, फी नव्हती, आरसाही धड नव्हता. पहाटे आखाडा उकरायचा, जोर मारायचे, बैठका काढायच्या, अंगाला माती लागली की घरी यायचं. अण्णा सांगतात, एकदा त्यांनी वस्तादांना म्हटलं होतं, "आज मन लागत नाही." वस्ताद म्हणाले, "मन घरी ठेव. हितं हातपाय घेऊन यायचं." अण्णा चार वर्षं रोज गेले. पुढं वडील वारले आणि तालीम सुटली. ही गोष्ट सांगताना अण्णा दंड दाखवतात. दंडाला अजून थोडा आकार आहे, तो त्या चार वर्षांचा. नंतरच्या कुठल्या एक तारखेनं त्यात भर घातलेली नाही.

सूर्यनमस्काराचं असंच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी रोज नमस्कार घालायचे आणि सगळ्या प्रजेला घालायला लावायचे, हे अण्णांनी कुठंतरी वाचलं. राजेसाहेबांनी पहिल्या दिवशी किती घातले होते ते मात्र वाचलं नाही. रथसप्तमीला अण्णांनी एकदम एकशे आठ घातले. अष्टमीला जिना उतरता येईना. नवमीला वहिनींनी शेकायला विटा तापवल्या. पुढचे आठ दिवस अण्णा सूर्याकडं पाठ करून निजून होते.

आणि हाच माणूस माघात काय करतो ते बघा. माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे असतात. कोल्हापुरातनं माणसं अंधारात निघतात, पंचगंगेवर येतात, वडणगे, कुशिरे करत डोंगर चढतात. पंधरा-सोळा किलोमीटरची चाल, वर चढ. असे पाच रविवार. अण्णांनी कळत्या वयापासून एक खेटा चुकवलेला नाही. गुडघा दुखत होता त्या वर्षी गुडघ्याला फडकं बांधून गेले. मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी खेटा आला तर खेटा करून येऊन हळदीला बसले. रात्री अडीचला गल्लीतला कुणीतरी दाराची कडी वाजवतो, "अण्णा, चला!" आणि अण्णा चालू लागतात. गजर नाही, वेळापत्रक नाही, बूट तर नाहीतच. कोल्हापुरी पायताण घालून निघतात, तेही डोंगराच्या पायथ्याला हातात घेतात. वर गेले की गुलालानं माखून 'चांगभलं' करतात आणि दुपारी जेवायला घरी हजर.

मी एकदा त्यांना म्हटलं, "अण्णा, रंकाळ्याला एक फेरी होत नाही तुमच्यानं आणि तिथं डोंगर चढता. हे कसं जमतं?"

अण्णांना प्रश्नच कळला नाही. "अहो, ते खेटं. त्याचा आणि व्यायामाचा काय संबंध?"

"कधी कंटाळा येत नाही?"

"येतो की. पण गल्ली दारात उभी असते. काय सांगायचं तिला, कंटाळा आला म्हणून?"

बँकेतसुद्धा तेच झालं होतं. तीस-बत्तीस वर्षं अण्णा सकाळी दहाच्या आत मस्टरवर सही करायचे, कारण तीन लेट मार्क झाले की एक रजा कापली जायची. त्या मस्टरला अण्णांनी कधी शिस्त म्हटलं नाही, नोकरी म्हटलं. जे जे टिकलं ते अण्णांच्या हिशेबात धरलेलंच नाही, आणि जे धरलेलं आहे ते लॅमिनेट केलेलं आहे. कुणी दारात उभं नसेल तिथं हा माणूस एकटा स्वतःला उठवू शकत नाही. मला तरी यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. आपल्याकडं वारी दिंडीतून चालते, एकेकट्यानं नव्हे. चातुर्मासाच्या नेमाला कार्तिकीची मुदत असते. पूर्वीच्या माणसांना माणसाची जात ठाऊक होती. अण्णांनी मात्र मुदत काढून टाकली, दिंडी काढून टाकली आणि सगळा भार आपल्या एकट्याच्या इच्छाशक्तीवर टाकला. ती बिचारी नऊ तारखेपर्यंत झेपेल तेवढं ओढते.

गल्लीचा मात्र अण्णांमुळं फायदाच झाला आहे. पोरांकडं उड्या मारायच्या दोऱ्या आहेत. डंबेलचा एक जोड आमच्या दाराला टेकण म्हणून बसलाय. योगासनांच्या चटईवर शेजारच्या काकू उन्हाळ्यात पापड वाळवतात आणि ते अजिबात चिकटत नाहीत. मोडीची पुस्तकं वाचनालयाला गेली.

राहता राहिली गिअरची सायकल. ती अण्णांनी पन्हाळ्याला रोज जायचं म्हणून घेतली होती. एकदा गेलेही. वाघबीळच्या चढापर्यंत सायकलनं त्यांना नेलं, तिथून दोघंही टेंपोतनं परत आली. तेव्हापासून ती व्हरांड्यात उभी आहे. हँडलला बाजाराच्या पिशव्या असतात, ब्रेकच्या दांडीत विजेचं बिल खोचलेलं असतं, तेवढा ब्रेक अजून उत्तम धरतो. सायकल एकवीस गिअरची आहे, त्यातले तीन वापरलेले. रंग लाल, टायर कोरे, हेल्मेट वेष्टनात. निम्म्या किमतीत द्यायची आहे, थोडी घासाघीस चालेल. कुणाला हवी असेल तर महिन्याच्या वीस तारखेच्या आत यावं आणि चौकशी वहिनींकडं करावी. अण्णांकडं केलीत तर ते एक तारखेपासून पुन्हा चालवायला काढतील.